ग्रेट डेनला रिंगमध्ये नेताना पट्टा कुठला आणि लीड केवढी?

प्रश्न: आमचा ग्रेट डेन नर 16 महिन्यांचा आहे. रंग फॉन (फिकट पिवळसर-तपकिरी), वजन 61 किलो. माझं वजन 54. येत्या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदाच डॉग शोमध्ये उतरवायचं आहे. रोजच्या फिरण्यासाठी दीड इंची नायलॉनचा पट्टा आणि जाड दोरीची लीड (पट्ट्याला लावून हातात धरायची दोरी) वापरतो. शोसाठी म्हणून दुकानदाराने जी लीड दाखवली ती बोटभरही रुंद नव्हती. ती तुटली तर? एकांनी चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घ्यायला सांगितलं, दुसरे म्हणाले चामड्याचाच पट्टा घ्या. नेमकं काय घ्यावं? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

आधी थेट सांगते. मार्टिंगेल पद्धतीचा (ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा), 12 मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा मऊ चामड्याचा पट्टा घ्या, रंग कुत्र्याच्या अंगाला मिळताजुळता टॅन. त्याच रंगाची तीन-साडेतीन फुटांची चामड्याची लीड. चोक चेन सध्या नको. दुकानदाराने दाखवलेली बारीक लीड वाईट नाही, पण ती पुढच्या वर्षासाठी ठेवा. आता यामागची कारणं, कारण ती माहीत नसली की दुकानात गेल्यावर समोरचा जे दाखवेल तेच पटायला लागतं.

तुमची खरी काळजी वजनाची आहे, आणि मोठ्या जातीचा कुत्रा पहिल्यांदा रिंगमध्ये, म्हणजे शोमध्ये जज कुत्रे तपासतात त्या आखलेल्या जागेत, नेणाऱ्या प्रत्येकाची तीच असते. पण जरा हिशेब करा. 61 किलोचा डेन मनापासून एखाद्या मांजरीमागे निघाला तर तुमचा दीड इंची पट्टा काय करतो? तो तुटत नाही, एवढंच. तुम्ही त्याच्यासोबत फरफटत जाता. म्हणजे रुंद पट्ट्याने कुत्रा ताब्यात राहतो हे आजही खरं नाही. तो राहतो तो शिकवलेल्या सवयीने. रिंगमधली लीड कुत्र्याला धरून ठेवण्यासाठी नसतेच मुळी, ती त्याला इशारा पोचवण्यासाठी असते. बैल हाकणारा गडी कासरा ताणून बसत नाही. सैल सोडतो, वळायच्या वेळी मनगट हलवतो आणि बैलाला कळतं. शो लीडचं काम तेवढंच. त्यामुळे लीड किती बारीक चालेल हे कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, तो तुमच्या मनगटाचं किती ऐकतो यावर ठरतं. तुमचा मुलगा अजून 16 महिन्यांचा, अंगाने मोठा पण डोक्याने पोरच. म्हणून 12 मिलिमीटर म्हटलं. सरावलेले हँडलर, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा चालवून दाखवणारे, याच जातीला 6 मिलिमीटरच्या लीडवर आरामात पळवतात.

बारीक का, हा पुढचा प्रश्न. ग्रेट डेनच्या मानकात, म्हणजे जातीचा कुत्रा कसा असावा हे सांगणाऱ्या लिखित वर्णनात, मान लांब, कोरडी (सैल कातडी नसलेली), उंच बसवलेली आणि किंचित कमानदार हवी असं म्हटलेलं आहे. गळ्याखाली लोंबणारी सैल कातडी हा दोष. नराची उंची खांद्याशी कमीत कमी 80 सेंटिमीटर. एवढ्या उंच जनावराच्या मानेची ती कमान म्हणजे जातीची अर्धी ओळख. तिच्या मध्यावर दीड इंचाचा काळा नायलॉन बांधला की मान मधोमध कापल्यासारखी दिसते आणि आहे त्यापेक्षा आखूड भासते. रोजच्या पट्ट्याची जागाही चुकीची असते. तो घसरून खांद्याजवळ येऊन बसतो. तिथे कुत्र्याच्या मानेचा सगळ्यात ताकदवान भाग आहे, म्हणजे तो ओढणार जोराने आणि तुमचा इशारा पोचणार कमी. शो पट्टा याच्या अगदी उलट, कानांच्या लगेच मागे आणि जबड्याच्या खाली बसतो. तिथे मान सगळ्यात अरुंद असते आणि हलका स्पर्शही लगेच कळतो.

तो कसा बसवायचा ते नीट सांगते, कारण इथेच निम्मे लोक गडबड करतात. कुत्रा तुमच्या डाव्या हाताला उभा. पट्टा डोक्यावरून घाला आणि आधी सैलच राहू द्या. डाव्या हाताने गळ्याखालची कातडी जबड्याकडे, वरच्या दिशेने हलकेच सारून घ्या आणि उजव्या हाताने पट्टा तिच्यामागोमाग वर आणा. मग एकेक कान पट्ट्यातून मोकळा करून बघा. न कापलेल्या लोंबत्या कानाची घडी पट्ट्यात अडकली की कुत्रा डोकं झटकत राहतो आणि जजला वाटतं कानात काही दुखतंय. शेवटी कमानीच्या शिखरावरचे केस पट्ट्याबाहेर काढून सरळ करा. लीडची कडी कुठे आली ते बघा: ती मानेच्या वर, किंचित तुमच्या बाजूला यायला हवी. गळ्याखाली गेली तर हनुवटीशी लोंबत राहते आणि कुत्रा तिच्याशीच खेळत बसतो.

आता माप. शिंप्याची टेप घ्या आणि दोन मापं काढा. एक कानांमागे मान जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथलं, दुसरं डोक्याचं, कान धरून, सगळ्यात जाड जागेचं. डोक्यावरून घालायच्या मार्टिंगेलला दोन्ही मापं लागतात. पूर्ण उघडल्यावर तो डोक्यावरून गेला पाहिजे आणि ओढल्यावर मानेला बसला पाहिजे. ओढून घट्ट केल्यावर दोन कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर उरायला हवं. कड्या एकमेकींना टेकत असतील तर पट्टा मोठा आहे, आणि अशा पट्ट्यातून घाबरलेला कुत्रा डोकं मागे ओढून सहज निसटतो. अंतर हातभर उरत असेल तर लहान. मार्टिंगेलची मजा अशी की तो एका मर्यादेपर्यंतच आवळतो, पुढे नाही. पूर्वी तो ग्रेहाउंडसारख्या निमुळत्या डोक्याच्या कुत्र्यांना घालत, कारण त्यांच्या डोक्यावरून साधा पट्टा सरकून निघतो. डेनचं डोकंही लांब आणि अरुंदच, म्हणून त्यालाही हा पट्टा जमतो.

चोक चेन मला का नको वाटते, ते थोडं लांबवून सांगते. साखळी आवळायला लागली की तिला मर्यादा नसते आणि ती सगळा दाब एका रेषेत टाकते. मानेतच श्वासनलिका, रक्तवाहिन्या, मणके. पट्ट्यावर ओढ बसली की डोळ्यातला दाबही वाढतो हे मोजून पाहिलेलं आहे. शिवाय ग्रेट डेन आणि डॉबरमन या जातींत मानेच्या मणक्यांचा वॉब्लर सिंड्रोम नावाचा आजार आढळतो, ज्यात मज्जारज्जूवर दाब येऊन चाल बिघडते. साखळीने हा आजार होतो असं मी म्हणत नाही. पण ज्या जातीची मान हीच नाजूक बाब आहे तिला झटके द्यायची काय गरज? तुमच्या कुत्र्याची चाल मागच्या पायांत डगमगत असेल, मान खाली ठेवून चालायची सवय लागली असेल, तर पट्टा बाजूला ठेवा आणि आधी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून या. चालीचा दोष लीडने झाकता येत नाही, आणि झाकायचाही नसतो.

साखळी वापरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. अनुभवी हातात बारीक, साप-विणीची साखळी डेनच्या मानेवर फार देखणी दिसते. पण ती बरोबर घालावी लागते. कुत्र्यासमोर तोंड करून उभं राहिलं की साखळीचा आकार इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखा दिसला पाहिजे. मग तो डाव्या बाजूला चालताना, हात सैल केल्याक्षणी साखळी आपोआप सुटते. उलटी घातली तर आवळलेली तशीच राहते. रिंगच्या घाईत, घाबरलेल्या हातांनी, पहिल्याच शोला हे सांभाळणं कठीण. त्यात हलक्या साखळीवरचा मुलामा उतरला की फॉन केसांवर करडा पट्टा उमटतो आणि तो धुऊनही लवकर जात नाही.

इतर मोठ्या जातींचे पालकही हे वाचत असतील, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. जर्मन शेफर्डच्या रिंगमध्ये चित्र वेगळं असतं: लांब कड्यांची साखळी, न आवळणाऱ्या कडीला जोडलेली, आणि लांब लीड, कारण तो कुत्रा हँडलरच्या पुढे निघून लांब ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) चालताना दाखवायचा असतो. रॉटवायलरलाही सपाट कड्यांची साखळी शोभते. मान भरदार असते, ती थोडी खाली बसली तरी चालते. सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड अशा केसाळ कुत्र्यांना सपाट पट्टा घालू नका, केस मोडतात आणि गळ्यात खाच पडल्यासारखी दिसते. त्यांना गोल वळलेल्या चामड्याचा पट्टा, केसांच्या आत शिरून दिसेनासा होणारा. मुधोळ किंवा कारवानी हे आपले देशी शिकारी कुत्रे घेऊन येणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, ती मंडळी रोज रुंद पट्टा आणि रिंगमध्ये बारीक स्लिप (पट्टा आणि लीड एकत्र असलेली सरकफासाची दोरी) हे आधीपासूनच पाळतात. मास्टिफ घराण्यातल्या सैल कातडीच्या कुत्र्यांना पट्टा घडीच्या वर, जबड्याला लागून. घडीत गेला तर सापडतच नाही.

आता लीडची लांबी. लोकांना वाटतं, कुत्रा मोठा म्हणजे लीड लांब. उलट आहे. डेनची मान तुमच्या कमरेच्या वर येते, म्हणजे पट्ट्यापासून हातापर्यंतचं अंतर मुळात दीड-दोन फुटांचंच. सहा फुटी लीड घेतलीत तर उरलेले चार फूट हातात गुंडाळत बसाल, आणि पळताना त्यातला एखादा फास सुटून गुडघ्याला लागेल. तीन-साडेतीन फूट पुरे. शेवटी मनगटात अडकवायचा फास असला तरी तो मनगटात घालू नका. कुत्रा जोरात गेला तर हात खांद्यातून निखळायचा.

उरलेली लीड तळहातात कशी धरायची? पंख्यासारखी पुढे-मागे घडी घाला, गोल गुंडाळू नका. घड्या डाव्या तळहातात, अंगठा वरून दाबलेला, आणि पट्ट्याकडे जाणारं टोक करंगळीच्या बाजूने बाहेर. अंगठा ढिला केला की एक घडी सुटते, दाबला की थांबते. जज म्हणाले ‘सैल लीडवर चालवा’, तर एक घडी सोडायची, बस. ओढून धरलेल्या लीडवर डेनचे पुढचे पाय जमिनीवरून नुसते उचलले जातात, पाऊल आखडतं, कोपर बाहेर फेकली जाते आणि पाठीची सरळ रेषा मोडते. चांगल्या चालीचा कुत्रा हँडलरच्या मुठीमुळे हरताना बघितला की जीव तुटतो. नायलॉनपेक्षा चामडं सांगते ते याच कामासाठी. घामट तळव्यातून नायलॉन सुळकन सरकतो आणि बारीक असला तर हात कापतो. चामड्याची पकड राहते, चांगलं चामडं तर दर महिन्याला हाताला अधिक ओळखीचं होत जातं.

‘तुटली तर?’ याचं उत्तर धातूच्या भागांत आहे. चामडं सहसा तुटत नाही, शिवण उसवते किंवा हुक मोडतो. हुक ओतीव जस्ताचा असेल तर घेऊ नका. दिसायला चकचकीत, पण झटक्याने तडकतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा, छोटा, दांडी सरकवून उघडणारा बोल्ट हुक घ्या. पितळी म्हणून विकलेल्या हुकाला चुंबक चिकटलं तर ते लोखंडावर चढवलेलं पाणी आहे. कडीचा जोड नखाने चाचपून बघा: फट लागली तर जोड सांधलेला नाही, ताणाखाली उघडेल. आणि घरी आणल्यावर कुत्र्याला घालायच्या आधी लीड फाटकाच्या गजाला अडकवा, सगळं अंग मागे टाका, दोन-चार जोरदार हिसके द्या. 54 किलोच्या माणसाचा पूर्ण हिसका जिने सोसला ती शिकवलेल्या डेनचा सोसेल. न शिकवलेल्या डेनचा प्रश्न लीडचा नाही.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. अंगाच्या रंगात मिसळणारा घ्या: फॉनला टॅन, काळ्याला काळा, हार्लेक्विनला (पांढऱ्यावर काळे धब्बे असलेल्याला) पांढरा किंवा काळा, जो गळ्यावर जास्त आहे तो. खडे, जरी, गोंडे नकोत. ते पोळ्याच्या बैलाला शोभतात. नवीन रंगवलेलं चामडं ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग उतरला तर तो केसांवरही उतरणार.

नागपुरात घ्यायचं कुठे? तयार वस्तू पेट शॉपमध्ये मिळतात, पण डेनच्या मापाचा बारीक मार्टिंगेल क्वचितच सापडतो. मोठा म्हणजे रुंद हेच दुकानदाराचं गणित. ऑनलाइन मागवलात तर सेंटिमीटरमधलं माप बघा, ‘एक्सएल’ या अक्षरांवर जाऊ नका. मला विचाराल तर बॅगा-पर्स शिवणारा ओळखीचा कारागीर गाठा. त्याला दोन मापं, कड्या आणि हुक स्वतः नेऊन द्या, आणि प्रत्येक टोकाला चामडं दुमडून दुहेरी शिवण घालायला सांगा, नुसत्या रिव्हेटवर समाधान मानू नका. काम ऑक्टोबरच्या आधी करून घ्या, म्हणजे हंगाम सुरू होईपर्यंत पट्टा मऊ झालेला असेल आणि माप चुकलं तर दुरुस्तीला वेळ मिळेल.

आपल्या हवेत चामडं दोनदा मार खातं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की ते कोरडं पडून भेगाळतं, पावसाळ्यात बुरशी येते. महिन्यातून एकदा सॅडल सोपने (चामडं साफ करायच्या साबणाने) पुसा, मग चामड्याचं कंडिशनर बोटाच्या टोकावर घेऊन अगदी पातळ लावा. खोबरेल चोपडू नका, चामडं काळवंडतं, चिकट होतं आणि कुत्र्याच्या गळ्यावर डाग पडतात. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका. सुती पिशवीत, कपाटात ठेवा.

सराव आजपासून सुरू करा, पण शो पट्टा फक्त शोच्या सरावालाच. रोज सकाळी फुटाळा तलावाकडे फेरी मारायची ती जुन्याच दीड इंची पट्ट्यावर. तिथे भटकी कुत्री, गाड्या, भुट्टेवाले सगळं असतं आणि तिथे खरंच धरून ठेवावं लागतं. शो पट्टा घरच्या अंगणात किंवा शांत मैदानात, दहा मिनिटं, उभं राहणं आणि सरळ रेषेत जाऊन येणं. पंधरवड्यात कुत्र्याला कळतं की हा पट्टा गळ्यात आला म्हणजे मान वर करायची आणि खाऊ मिळतो. तोच पट्टा तुम्ही रोज फिरवायला वापरलात, त्यावर तो हवं तसं ओढायला शिकला, की हा फरक गेला.

प्रवासातही तेच. नागपूरहून समृद्धी महामार्गाने मुंबईला निघालात तर 701 किलोमीटर, वाटेत त्याला चार वेळा तरी उतरवावं लागेल. तेव्हा गळ्यात नाव-फोन कोरलेला रोजचा मजबूत पट्टाच हवा. मैदानावर पोचल्यावर कुत्रा झाडाला किंवा खांबाला बांधायचा तोही त्याच पट्ट्याने. शो लीडने बांधून ठेवलेला मोठा कुत्रा म्हणजे मागून ऐकू येणारी आरोळी. रिंगमध्ये जाताना आधी शो पट्टा घाला, लीड हातात घ्या, मगच जुना पट्टा काढा. बाहेर आल्यावर उलट क्रम. मधला एक क्षणही त्याची मान रिकामी नको. रिंगमध्ये मात्र दोन पट्टे ठेवू नका. आणि टोकदार काट्यांचा पट्टा, छातीचा हार्नेस, तोंडावरचा हॉल्टर यातलं काहीही रिंगमध्ये नेऊ नका. प्रवेश अर्जासोबत नियमांचा कागद आला असेल तो एकदा शांतपणे वाचा.

शेवटचं, पट्टा-लीडची एक जोडी जास्तीची करून घ्या, पहिलीसारखीच, आणि तीही थोडी वापरून ठेवा. ऐनवेळी कडी निखळली तर शेजारचा हँडलर मोठ्या मनाने स्वतःचा पट्टा देतो, पण तो असतो त्याच्या रॉटवायलरच्या मानेचा.